तुरुंगाचे छोटे संग्रहालय कसे पाहावे : विदर्भातील गावांहून जाणाऱ्या मंडळींसाठी

तुरुंगाचे संग्रहालय बहुधा लहान असते. एखाद-दुसरी बराक, चार-सहा कोठड्या, भिंतीवर तसबिरी, काचेच्या पेटीत बेड्या आणि एखादी जुनी नोंदवही, एवढाच त्याचा पसारा. गावाहून पहाटे निघालेली मंडळी अर्ध्या तासात सगळे पाहून बाहेर येतात आणि "एवढेच होते का?" असे एकमेकांना विचारतात. तुरुंगात पाहण्यासारख्या वस्तू थोड्या असतात आणि समजून घेण्यासारखी व्यवस्था फार मोठी असते, त्यामुळे असे होते. म्हणून तेथे जाण्यापूर्वी घरी आणि गावात केलेली तयारी हीच या भेटीची अर्धी बाजू होय. शाळांचे शिक्षक, गावच्या वाचनालयाचे कार्यकर्ते, बचतगटातील महिला आणि निवृत्त मंडळी यांना ती तयारी करता यावी, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

आरंभीच एक आग्रह मांडतो. अशा संग्रहालयांत बहुतेक वेळा एका नामवंत पुढाऱ्याची खोली जपलेली असते आणि पाहुणे तिच्यापुढेच सर्वाधिक वेळ थांबतात. त्या खोलीचा मान राखावाच, पण तितकाच वेळ सामान्य कैद्यांच्या बराकीला द्यावा. आपल्या खेड्यांतून जी माणसे तुरुंगात गेली, ती त्या खोलीत नव्हे, बराकीत राहिली होती.

आधी आपल्या गावची नावे शोधावीत

सहलीच्या किमान महिनाभर आधी हे काम सुरू करावे. पहिली जागा म्हणजे पंचायत समितीचे किंवा तहसीलचे आवार. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे १९७२ च्या सुमारास, ठिकठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचे दगडी स्तंभ उभारले गेले. आज त्यांच्यापुढे दुचाकी उभ्या असतात आणि चुना-रंगाखाली अक्षरे बुजलेली असतात, तरी ओल्या फडक्याने पुसून तिरप्या उन्हात पाहिले की बरीच नावे वाचता येतात. मुलांकडून ती वहीत उतरवून घ्यावीत. एरवी त्या स्तंभाजवळून रोज जाणारे गावकरीही थांबून विचारू लागतात आणि त्यातूनच पुढची माहिती हाती येते.

दुसरी जागा म्हणजे घरोघरच्या पेट्या. केंद्र शासनाच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत निवृत्तिवेतन मिळण्यासाठी साधारणपणे किमान सहा महिन्यांचा कारावास दाखवावा लागत असे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या सैनिकांसाठी ही अट तीन महिन्यांची होती. त्यासाठी तुरुंगाचा दाखला जोडावा लागे. त्यामुळे अनेक कुटुंबांत ताम्रपटाबरोबर त्या दाखल्याची प्रतही जपून ठेवलेली असते. दाखल्यावर तुरुंगाचे नाव, दाखल होण्याची व सुटकेची तारीख आणि कलम नोंदवलेले सापडू शकते. एवढे चार तपशील हातात असले, तर संग्रहालयात विचारायच्या प्रश्नाला धार येते. याच अटीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. ज्यांना महिना-दोन महिन्यांचीच शिक्षा झाली, ते या योजनेच्या यादीत आले नाहीत. जंगल सत्याग्रहात, म्हणजे जंगल कायदा मोडण्यासाठी, गवत कापून तुरुंगात गेलेल्या आणि पेरणीच्या दिवसांत घरच्यांना शेत सांभाळायला लावणाऱ्या अशा माणसांची नावे केवळ नातवंडांच्या तोंडी उरलेली असतात. ती विचारूनच मिळतील.

विदर्भाला या इतिहासाची वाण नाही. खारपाणपट्ट्यातील अकोला जिल्ह्याच्या दहीहंडा गावी एप्रिल १९३० मध्ये विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडला गेला. समुद्र नसलेल्या मुलखाने मिठाचा सत्याग्रह कसा केला, हे मुलांना फार आवडते. त्याच वर्षी १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून भाषण केले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाला. त्यानंतर अनेकांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या, आणि त्या रद्द व्हाव्यात म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी मोठी धडपड केली. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. आपले गाव यांपैकी कोणत्या घटनेच्या जवळचे आहे, हे ठरवून त्यावर एक तास वर्गात किंवा वाचनालयात बोलावे. सगळाच इतिहास सांगण्याच्या भरीस पडू नये.

शोध घेताना एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. स्वातंत्र्यापूर्वी विदर्भ मुंबई इलाख्यात नव्हता, तर मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे आपल्या भागातील कैदी नागपूर, अकोला, अमरावतीप्रमाणेच जबलपूर, रायपूर आणि सिवनी येथील तुरुंगांतही पाठवले जात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना १९४२ मध्ये नागपूर आणि रायपूर येथे ठेवले होते. विनोबांची स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवरील प्रवचने १९४४ मध्ये सिवनीच्या तुरुंगात झाली. पणजोबांचे नाव पुण्याच्या किंवा नाशिकच्या यादीत नाही म्हणून निराश झालेल्या कुटुंबाने आधी नागपूरच्या शासकीय अभिलेखागारात आणि मग राज्याच्या सीमेपलीकडे चौकशी करावी.

कोणत्या प्रकारचे ठिकाण आहे, ते जाणून घ्यावे

तुरुंगाची म्हणून जी ठिकाणे पाहायला मिळतात, ती तीन प्रकारची असतात आणि प्रत्येकाची रीत वेगळी असते.

पहिला प्रकार म्हणजे बंद झालेला तुरुंग, ज्याचे स्मारक केले आहे. अंदमानचे सेल्युलर जेल हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. १८९६ ते १९०६ या काळात ते बांधले गेले आणि ११ फेब्रुवारी १९७९ रोजी राष्ट्रीय स्मारक म्हणून राष्ट्राला अर्पण झाले. मूळच्या सात इमारतींपैकी तीनच आज उभ्या आहेत. अशा ठिकाणी तिकीट काढून जाता येते.

दुसरा प्रकार म्हणजे चालू तुरुंगातील जपलेला भाग. पुण्याच्या येरवडा कारागृहात २६ जानेवारी २०२१ पासून तुरुंग पर्यटन सुरू झाले. गांधीजींचे उपोषण आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार यांमुळे त्या जागेला जे महत्त्व आहे, ते विदर्भातील वाचकांना वेगळे सांगायला नको. येथे आधी लेखी परवानगी, प्रत्येकाचे ओळखपत्र आणि झडती हे सारे ओघानेच येते. मोबाइल आत नेता येत नाही. आपल्याकडच्या मंडळींना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते : खर्ऱ्याची पुडी, तंबाखूची डबी, चुना, आगपेटी, यांतले काहीही खिशात नसावे. कारागृहात निषिद्ध वस्तू नेणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि एकाच्या खिशातील पुडीमुळे पंचवीस जण दारात खोळंबतात. झडती गाडीतून उतरण्यापूर्वी आपणच आपली घ्यावी.

तिसरा प्रकार म्हणजे मुळात तुरुंग नसलेली, पण स्थानबद्धतेसाठी वापरली गेलेली वास्तू. पुण्याचा आगाखान पॅलेस हा त्यातला. गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना ऑगस्ट १९४२ मध्ये तेथे ठेवले गेले. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच वारल्या आणि दोघांच्याही समाधी त्याच आवारात आहेत. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरू ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत कैदेत होते. त्यांच्याबरोबर वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव आणि इतर पुढारी होते. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस वर्धा, बडनेरा, अकोला करीत अहिल्यानगर आणि पुणे ही दोन्ही स्थानके घेते, त्यामुळे दोन्ही ठिकाणे एकाच प्रवासात जोडता येतात.

वेळ, गाडी आणि शिदोरी

शाळेची सहल असेल तर राज्य परिवहन महामंडळाची बस प्रासंगिक करारावर घ्यावी. शैक्षणिक सहलींना त्यात निम्मी सवलत मिळते. मोठ्या माणसांचा गट साध्या एसटीने निघत असेल, तर महिलांना आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या असतात, हे जबलपूर किंवा रायपूरकडे निघणाऱ्यांनी विसरू नये.

शेतकरी मंडळींचा गट असेल तर कापसाची वेचणी आणि सोयाबीनची काढणी टाळूनच दिवस ठरवावा, नाहीतर निम्मी नावे आयत्या वेळी गळतात. संक्रांतीनंतर हरभरा-गहू काढणीला येईपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. एप्रिल-मे टाळावेत. बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात, आणि लहान संग्रहालयाची किल्ली अनेकदा एकाच माणसाकडे असते. म्हणून आदल्या दिवशी फोन करून तो माणूस जागेवर असल्याची खात्री करावी. शिदोरी आणि पाणी बरोबर घ्यावे, पण खाणे-पिणे आवाराबाहेर करावे.

आत गेल्यावर : दरवाजापासून सुरुवात

बहुतेक मंडळी मुख्य दरवाजातून घाईने आत जातात आणि तसबिरींकडे वळतात. तसे करू नये. तुरुंगाची सारी रचना दरवाजातच दिसते. जुन्या तुरुंगाला सहसा एकामागे एक असे दोन मोठे दरवाजे असतात आणि मध्ये एक छोटी जागा असते. एक दरवाजा बंद झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, असा नियम असतो. मोठ्या दारात एक ठेंगणा दिंडी दरवाजा असतो आणि त्यातून आत जाणाऱ्याला मान वाकवावीच लागते. पाचसहा जणांना त्या मधल्या जागेत उभे करून, दोन्ही दारांकडे पाहत तुरुंगात दाखल होणाऱ्या माणसाची झडती, अंगावरच्या वस्तूंची नोंद आणि कपडे बदलणे या गोष्टी येथेच होत, हे सांगावे. नंतर आत काय पाहायचे आहे, ते निराळे समजावण्याची गरज फारशी उरत नाही.

कोठडी पाहताना आधी बाहेरून दाराची कडी पाहावी. सेल्युलर जेलमध्ये हा भाग फार विचारपूर्वक केलेला आहे. लोखंडी गजांच्या दाराला लांब आडवी कडी आहे आणि ती दारापासून दूर, भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात जाऊन अडकते. कुलूप त्या कोनाड्यात बसते. आतल्या कैद्याने गजांतून हात कितीही लांबवला तरी तो कुलपापर्यंत पोचत नाही. ज्या संग्रहालयात आपण गेला आहात, तेथील कडी कशी आहे, कुलूप कोठे आहे, आतून काय दिसते आणि काय दिसत नाही, हे मुलांकडून चित्र काढून घ्यावे. काढलेले चित्र पुढे वर्गात फार उपयोगी पडते, कारण चित्र काढणाऱ्याला वस्तूकडे खरोखर पाहावे लागते.

मग एकेकट्याने कोठडीत जावे. सेल्युलर जेलची कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद होती आणि झरोका जमिनीपासून जवळजवळ दहा फुटांवर होता. त्या तुरुंगातील प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांची तोंडे पुढच्या इमारतीच्या पाठीकडे असल्यामुळे एका कैद्याला दुसऱ्याचे तोंड दिसत नसे. आपण पाहत असलेली कोठडी टेप लावून मोजावी. परवानगी विचारली तर बहुधा मिळते. मोजमाप लिहून आणले तर गावी परतल्यावर शाळेच्या पटांगणात फक्कीने तेवढाच चौकोन आखता येतो. कोठडीत आत गेलेल्या माणसाला दोन मिनिटे कोणी हाक मारू नये आणि बाहेरून दार लावण्याची चेष्टा कोणी करू नये. लहान मुले घाबरतात, काही मोठी माणसेही घाबरतात.

एकांतवासाला कायद्याने मर्यादा होती, हेही येथेच सांगावे. १८६० च्या भारतीय दंड संहितेनुसार न्यायालयाने सुनावलेला एकांतवास एकूण तीन महिन्यांहून अधिक असू शकत नव्हता आणि एका वेळी चौदा दिवसांहून अधिक चालवता येत नव्हता. प्रत्यक्षात तुरुंगाची शिस्त म्हणून कैद्यांना वेगळे ठेवण्याचे इतर मार्ग होते. कायद्यातला शब्द आणि कोठडीतला दिवस यांत किती अंतर पडू शकते, ते या ठिकाणी मोठ्या विद्यार्थ्यांना नीट समजते.

कामाची साधने पाहताना आपल्या भागातील लोकांना एक लाभ आहे. तेलाचा घाणा, जाते, सुताचा चरखा, काथ्या या वस्तू शहरातल्या मुलांना समजावून सांगाव्या लागतात. आपल्याकडे निदान आजीला तरी त्या माहीत असतात. अंदमानात कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, बैलाच्या जागी माणसे जुंपली जात आणि एका कैद्याकडून दिवसाला ३० पौंड खोबरेल तेलाची अपेक्षा असे. घाण्याला बैल जुंपलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ चटकन कळतो. म्हणून अशा गटात एखादी वयस्क व्यक्ती आवर्जून असावी आणि या दालनात तिलाच बोलू द्यावे.

बेड्यांच्या पेटीपुढे बहुतेक मुले सर्वांत जास्त वेळ थांबतात. त्यांना नुसते वजन सांगून उपयोग नाही. दंडाबेडीत दोन्ही घोट्यांतील कड्यांपासून दोन लोखंडी दांडे वर येऊन कमरेशी जोडलेले असत, त्यामुळे मांडी घालून बसणे जमत नसे. आडवी बेडी दोन्ही पाय एकमेकांपासून फाकवून ठेवी, त्यामुळे चालताना आणि निजताना पाय जवळ घेता येत नसत. हा इतिहास फार जुना नाही, हेही सांगावे. दंडाबेडीच्या सर्रास वापरावर आणि एकांतवासावर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सुनील बत्रा प्रकरणात निर्बंध आणले. फटक्यांची शिक्षा आणि काळ्या पाण्याची शिक्षा या दोन्ही स्वातंत्र्यानंतर, १९५५ च्या कायद्यांनी, बंद झाल्या.

नोंदवही हे संग्रहालयाचे मुख्य दालन समजावे

काचेखाली उघडी ठेवलेली नोंदवही ही माझ्या मते संपूर्ण संग्रहालयातील सर्वांत मोलाची वस्तू असते आणि तिच्यापुढे सर्वांत कमी माणसे थांबतात. अशा वहीत साधारणपणे कैद्याचा क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, वय, जात, गाव, धंदा, कलम, शिक्षा, दाखल झाल्याची तारीख, सुटकेची तारीख आणि ओळखीच्या खुणा यांचे रकाने असतात. काही वह्यांत आत येतानाचे आणि बाहेर जातानाचे वजनही असते. एकच ओळ घ्यावी आणि ती आडवी, रकाना ओलांडत, शेवटपर्यंत वाचावी. वय तेवीस, धंदा मजुरी, कलम जंगल कायद्याचे, शिक्षा तीन महिने सक्तमजुरी, उजव्या पायावर कुऱ्हाडीचा वण : अशी ओळ समोर आली, तर ती कोणाची असेल, तो तुरुंगात असताना घरचे कसे जगले असतील, हे प्रश्न मुले आपोआप विचारू लागतात. वजनाचे दोन आकडे असतील तर वजाबाकी मुलांनाच करू द्यावी.

कलमांची थोडी ओळख आधी करून न्यावी. १२४ अ हे राजद्रोहाचे कलम. १९४२ मध्ये अनेकांना भारत संरक्षण नियमांखाली खटला न चालवताच स्थानबद्ध केले गेले, त्यामुळे त्यांच्या नावापुढे शिक्षेची मुदत दिसणार नाही. 'अ', 'ब', 'क' अशी अक्षरे दिसली तर ती कैद्यांच्या वर्गाची. लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांचे ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी निधन झाले. त्यानंतरच्या हालचालींतून १९३० मध्ये ही वर्गवारी आली. जेवण, कपडे, पत्रे आणि भेटी यांत वर्गाप्रमाणे फरक पडे. पुढारी आणि सुशिक्षित मंडळी वरच्या वर्गांत आणि खेड्यातून आलेले सत्याग्रही बहुतेक 'क' वर्गात, अशी विभागणी होत असे. येथे पाहुण्यांनी आपल्याबरोबर आणलेली यादी काढावी आणि संग्रहालयाच्या माणसाला विचारावे : आमच्या तालुक्यातील कोणी येथे होते का? बहुतेकदा उत्तर लगेच मिळत नाही. तरीही नाव, गाव आणि वर्ष एका कागदावर लिहून, आपला फोन क्रमांक देऊन ठेवावा.

याच वहीत राजकीय कैद्यांच्या आगेमागे दुसरीही नावे असतात. चोरीचे, दारूचे, भांडणाचे, जंगलातील लाकडाचे गुन्हे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही समाज जन्मानेच संशयित ठरवले गेले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आपल्या वर्गात पारधी समाजाची किंवा इतर विमुक्त जमातींची मुले असतील, हे शिक्षकाने पूर्ण भान ठेवून बोलावे. "हे देशभक्त आणि ते चोर" अशी सोपी वाटणी करून पुढे जाणे चुकीचे आहे, कारण त्या वहीतील कित्येक माणसे केवळ त्या कायद्यामुळे तेथे आली होती.

महिलांच्या बराकीविषयीही विचारावे. पाटी नसली तरी जागा असते. तेथे लहान मुलांना आईबरोबर ठेवले जाई का, बाळंतपणे कोठे होत, भेटीला कोण येई, या प्रश्नांची उत्तरे बचतगटातील महिलांना इतर सर्व माहितीपेक्षा जवळची वाटतात.

फाशीची जागा

काही संग्रहालयांत फाशीचा खांब किंवा त्याची प्रतिकृती असते. दहा वर्षांखालील मुलांना तेथे नेऊ नये. त्यांच्यासाठी एक शिक्षक बाहेर थांबावा. मोठ्यांना नेताना आधी बोलावे आणि आत शांतता ठेवावी. खांबाजवळ उभे राहून छायाचित्र काढून घेण्याची पद्धत अलीकडे पडली आहे, ती मला अत्यंत अनुचित वाटते. गटप्रमुखाने गाडीतच तसे बजावावे.

विदर्भात यासंबंधीची सर्वांत महत्त्वाची जागा चंद्रपूरला आहे. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातील वीर बाबुराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये आडपल्ली-घोटच्या व्यंकटरावांच्या साथीने इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फाशी देण्यात आली. कारागृहाच्या आवारातील पिंपळाशी ही आठवण जोडलेली आहे आणि दरवर्षी २१ ऑक्टोबरला गोंड समाजाचे लोक दूरवरच्या पाड्यांवरून तेथे अभिवादनासाठी येतात. त्या दिवशी जायचे असेल तर आपण पाहुणे आहोत हे ओळखून जावे : पादत्राणे बाजूला काढावीत, गाणी आणि विधी चालू असताना मध्ये बोलू नये, कोणाचेही छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. गटात गोंडी बोलणारे विद्यार्थी असतील तर त्यांनी तेथील वडीलधाऱ्यांशी गोंडीतच बोलावे. जे ऐकायला मिळेल ते त्यांनीच इतरांना मराठीत सांगावे. इतर दिवशी जाणाऱ्यांनी चालू कारागृह असल्याचे लक्षात घेऊन कारागृह अधीक्षकांच्या कार्यालयात आधी विचारणा करावी.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

अभिप्राय वहीत "छान वाटले" लिहून सही करू नये. कोणती वस्तू पाहिली, कोणती पाटी वाचता आली नाही, कोणती माहिती चुकलेली वाटली आणि आपल्या गावातील कोणाचे नाव शोधत आलो होतो, हे चार ओळींत लिहावे. लहान संग्रहालयाला वरिष्ठांकडे निधी मागताना अशा नोंदींचा आधार होतो. रखवालदार किंवा मार्गदर्शक जो कोणी असेल त्याच्याशी निवांत बोलावे. पाट्यांवर नसलेल्या अनेक गोष्टी त्याला ठाऊक असतात, मात्र त्यांतली ऐकीव कोणती आणि कागदावरची कोणती, हे विनयाने विचारून घ्यावे आणि वहीत तसे वेगळे लिहावे.

गावी परतल्यावर आठवडाभरात वाचनालयात किंवा शाळेत एक बैठक घ्यावी. स्तंभावरील नावांची यादी, घरोघरच्या दाखल्यांच्या प्रती, मुलांनी काढलेली चित्रे आणि कोठडीचे मोजमाप एका फायलीत लावावे. या फायलीची एक प्रत संग्रहालयाला टपालाने पाठवावी; त्यांच्याकडे अशी माहिती फार कमी येते आणि तिच्यावरून नवी पाटी लागू शकते. मूळ दाखला, पत्र किंवा छायाचित्र मात्र शक्यतो घरीच ठेवावे आणि त्याची स्वच्छ स्कॅन प्रत द्यावी. कुटुंबाने मूळ वस्तूच द्यायचे ठरवले, तर वस्तूचे वर्णन, देणाऱ्याचे नाव, ती कायमची दिली की प्रदर्शनापुरती, आणि तारीख, हे सारे लिहिलेली सही-शिक्क्याची पोच हातात आल्याखेरीज ती वस्तू टेबलावर ठेवून निघू नये.